नकाशात नसलेले पाडे

ठाणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ 4,214 चौरस किलोमीटर. त्यातली निम्म्याहून जास्त जमीन शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आहे. माणसांचं गणित अगदी उलटं. 2011च्या जनगणनेत आजच्या हद्दीतल्या ठाणे जिल्ह्यात 80 लाखांवर लोक होते आणि त्यांतले या दोन तालुक्यांत जेमतेम 5 लाख. ठाणे शहरातल्या आमच्या कोपरीच्या सोसायटीत कुणाला विचारलं की ठाणे जिल्हा कुठपर्यंत, तर उत्तर कल्याणपाशी थांबतं, फार तर बदलापूरपर्यंत जातं. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे सरकारी जमीन मोजणारी, होते. नोकरीचा बराच काळ शहापूर-मुरबाडच्या शिवारांत गेला, माहेरही किन्हवलीकडचं. त्यामुळे माझ्यासाठी हा जिल्हा पूर्वेकडून सुरू होतो. कसाऱ्याचा घाट, आजोबाचा डोंगर, नाणेघाट, माळशेज, सिद्धगड, गोरखगड ही त्याची भिंत. पाणी तिथून उतरतं आणि खाडीला मिळतं.

हे पाणी कुठून कुठे जातं ते आधी सांगते, कारण जिल्ह्याचं सगळं दुखणं त्यात आहे.

काळू माळशेजच्या कुशीतून येते, भातसा कसाऱ्याच्या बाजूने. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला आणि उल्हास कल्याणवरून पुढे खाडीत जाते. शहापूरच्या उत्तर भागातलं पाणी मात्र तानसा आणि वैतरणेच्या वाटेने पालघर जिल्ह्यात उतरतं. या नद्यांवर मुंबईच्या पाण्यासाठी एकामागून एक धरणं बांधली गेली. तानसा 1892 साली पूर्ण झालं, मोडकसागर 1957 साली, मग भातसा, अलीकडे मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एकटं भातसा जवळजवळ निम्मी तहान भागवतं. भातसाचं पाणी नदीतून पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मोठाल्या जलवाहिन्यांतून मुंबईकडे निघतं.

आणि त्याच शहापूर तालुक्यात मार्च संपला की टँकर सुरू होतात. पावसाळ्यात सुमारे 2,500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात टँकर कसा, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. कारण जमिनीतच आहे. हा सगळा काळा कातळ. वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पडलेला पाऊस मुरायच्या आत ओढ्याला लागतो. भातखाचरात थोडा थांबतो, बाकी वाहून जातो. विहिरी होळीपर्यंत तग धरतात. धरण आहे, पण ते दरीत आहे आणि पाडे माळावर आहेत. भातसाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून 142 मीटरच्या आसपास. त्याच्या काठावरच्या टेपाडावर राहणाऱ्या माणसाला ते पाणी नुसतं दिसतं. खाली जाणाऱ्या पाण्याला वाट आपोआप मिळते, वर चढवायचं तर पंप, वीज, देखभाल, बिल हे सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात येतं. म्हणूनच शहापूरकरांनी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचं पाणी मागितलं. इगतपुरी 600 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथून पाणी घाट उतरून आपल्या पायांनी गावात येऊ शकतं. भूगोल समजून केलेली ही मागणी मला फार शहाणपणाची वाटते.

आता कारभाराकडे येते. जुना ठाणे जिल्हा प्रचंड होता: 15 तालुके, 9,558 चौरस किलोमीटर, 2011च्या जनगणनेत 1 कोटी 10 लाखांवर लोकसंख्या, म्हणजे तेव्हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. त्याआधी तो आणखी मोठा होता. मुंबईची उपनगरं विसाव्या शतकात त्यातून निघाली, 1960 साली राज्य झालं तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं. 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा झाला, राज्यातला 36वा जिल्हा. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. जव्हारच्या वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने मुलं दगावली तेव्हापासून ही मागणी जोर धरून होती आणि ती रास्त होती. तलासरीच्या माणसाने एका सहीसाठी ठाण्याच्या कोर्टनाक्यापर्यंत यायचं, हे कुणाच्याही बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं.

उरलेल्या ठाण्यात सात तालुके: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. समुद्रकिनारा उरला तो उत्तनच्या बाजूला, मीरा-भाईंदरच्या हद्दीत. सहा महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपालिका, शहापूर आणि मुरबाड या दोन नगरपंचायती. तहसील सात असली तरी पंचायत समित्या पाचच आहेत. ठाणे आणि उल्हासनगर तालुक्यांना पंचायत समिती नाही, कारण तिथे खेडंच उरलं नाही म्हणावं अशी स्थिती. मधल्या पट्ट्यातल्या गावांची अवस्था अधांतरी असते. शीळफाट्याजवळची 14 गावं 2007 मध्ये नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली आणि पुढे पुन्हा आत घेतली गेली. एवढ्या काळात तिथल्या लोकांनी किती कार्यालयांच्या पायऱ्या चढल्या असतील!

जिल्हा तुटला तेव्हा शहापूर आणि मुरबाड इकडेच राहिले. शहापूर मनाने, मातीने आणि माणसांनी मोखाडा-वाड्याच्या जवळचं आहे. तेच ठाकूर, तेच महादेव कोळी, वारली, कातकरी, तीच नागली-वरई आणि तोच राब, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजणं. पण रस्ता आणि रेल्वे ठाण्याकडे जाते, म्हणून ठाणेच बरं, असं तेव्हा लोकांनी मला सांगितलं. कसाऱ्याहून लोकल पकडली की ठाणं 87 किलोमीटर. ते चूक म्हणत नव्हते. मुरबाडला तर रेल्वे अजून पोहोचलेलीच नाही, तिथला माणूस एसटीने किंवा वडापने कल्याण गाठतो आणि मग पुढे.

खरा प्रश्न ठाण्याचा नाही, प्रांतांचा आहे.

खेड्यातल्या माणसाचं सरकार म्हणजे तलाठी. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण किन्हवलीच्या बाजारात अजून तलाठीच चालतं. त्याच्या वर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार. इथपर्यंत सगळं तालुक्यात असतं, एसटीच्या एका तिकिटात. त्याच्यावर उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत. शहापूरचे प्रांत बसतात भिवंडीला, मुरबाडचे बसतात कल्याणला. फेरफाराची नोंद चुकीची मंजूर झाली तर अपील प्रांतांकडे. रस्ता किंवा धरणासाठी जमीन घेतली गेली तर त्या प्रकरणातही बहुतेक वेळा प्रांत. जातीच्या दाखल्यावर सही प्रांतांची. आणि वनहक्काच्या दाव्यावर उपविभागस्तरीय समितीचे अध्यक्षही प्रांतच.

ही शेवटची गोष्ट शहापूरसाठी सर्वांत मोठी आहे. 2006च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. आमच्याकडे एकसाली प्लॉट (वर्षाच्या कराराने दिलेली वनजमीन) कसणारी, डोंगरउतारावर वरई-नागली लावणारी अशी कितीतरी घरं आहेत. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे जातो, मग प्रांतांच्या समितीपुढे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या. 2020 साली राज्यपालांच्या अधिसूचनेने त्यावर विभागीय आयुक्तांची समितीही आली, म्हणजे अपिलासाठी बेलापूरचं कोकण भवन. साकडबावच्या पुढच्या पाड्यावरचा माणूस भिवंडीला जायचं म्हणजे पहाटे निघतो. आधी जीपगाडी, मग शहापूर, मग पुढची बस. साहेब दौऱ्यावर गेले असतील तर पुन्हा तेच. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि भाड्याला पैसे लागतात ते वेगळेच. खचून दावा सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं प्लॉट कसणं खोटं नव्हतं. त्यांच्यात पुन्हा भिवंडीला जायची ताकद नव्हती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शहापूर आणि मुरबाड मिळून एक स्वतंत्र उपविभाग करावा आणि प्रांतांनी शहापूरला बसावं. हे अवघड मुळीच नाही. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे. वनखात्याचा शहापूर विभाग आहे. पोलिसांनी शहरी आणि ग्रामीण अशी विभागणी कधीच केली आहे: शहरांना आयुक्तालयं आणि कसारा, किन्हवली, वाशिंद, टोकावडे, मुरबाड यांना ठाणे ग्रामीणचे अधीक्षक. महसूल खात्यानेही तोच विचार करावा. भिवंडीच्या प्रांतांपुढे गोदामं, महामार्ग, बुलेट ट्रेन, समृद्धीचा शेवटचा टप्पा यांचे ढीग असतात. त्या ढिगात वरईच्या दीड एकराचा दावा वर यायला किती काळ लागेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

आता पाड्यांबद्दल.

महसूल खात्याच्या लेखी गाव म्हणजे ठरलेल्या शिवेच्या आतली सगळी जमीन. गाव नकाशात गटांच्या रेषा असतात, ओढे असतात, गाडीवाट असते आणि मध्ये कुठेतरी गावठाण. ज्या काळी मोजणी झाली त्या काळी जिथे घरांचा पुंजका होता तेवढंच गावठाण. आम्ही शिकलो ते 33 फुटांच्या साखळीवर, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, नंतर उपग्रहाशी बोलणारे रोव्हर आले. मोजणी सेंटिमीटरपर्यंत अचूक झाली, पण गावठाणाची रेषा जिथे होती तिथेच आहे. आणि शहापूर-मुरबाडमध्ये निम्मी वस्ती त्या रेषेबाहेर राहते म्हटलं तरी चालेल अशी कितीतरी गावं आहेत. एका महसुली गावाला पाच-सहा पाडे, कुठे त्याहून जास्त. ठाकूरवाडी एका टेपावर, कातकरवाडी ओढ्याच्या पलीकडे, तिसरा पाडा डोंगराच्या सोंडेवर. मूळ गावापासून दोन-तीन किलोमीटर, मध्ये पावसाळ्यात ओलांडता न येणारा ओहोळ.

योजना गावाच्या नावावर येते. गावात नळ आला, गावाला रस्ता जोडला, गावात वीज पोहोचली, असं लिहिलं जातं आणि ते खरंही असतं. पाडा त्या वाक्याच्या बाहेर राहतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि लोकांना घराची सनद मिळू लागली. खात्यातल्या आम्हा सगळ्यांना त्या कामाचा अभिमान होता आणि मला आजही आहे. पण ती योजना गावठाणातल्या घरांसाठी. गावठाणाबाहेरच्या पाड्यावरच्या झोपडीला तिचा उपयोग नाही. तिच्याखालची जमीन कुठे वनखात्याची, कुठे गुरचरण, कुठे खासगी.

डोळखांबच्या बाजूला एकदा हद्द कायम मोजणीला गेले होते. जमीन शहरातल्या एका माणसाने विकत घेतली होती, तिथे त्याला फार्महाऊस बांधायचं होतं. गटात शिरलो तर आत कातकऱ्यांची घरं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, एका घरापुढे आंब्याचं जुनं झाड. सातबाऱ्यावर त्यांचा उल्लेख कुठेच नाही, इतर हक्कातही नाही. मालक म्हणाला, ही घरं नकाशात कशाला घेता, उद्या जाणारच आहेत. मी त्याला सांगितलं की जागेवर जे आहे ते दाखवणं हेच माझं काम. अभिलेखाप्रमाणे हद्द दाखवली आणि आतली वहिवाट वेगळ्या रेषेने दाखवली. प्रत्येक घर, आंब्याचं झाड, पाण्याची वाट. संध्याकाळी यंत्र आवरताना एक म्हातारी जवळ येऊन उभी राहिली.

“ताई, या कागदावर आमची घरं आली का?”

“आली आजी. सगळी आली.”

“मग सरकारला कळल का, आम्ही हितं आहोत ते?”

मोजणीची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारा मोजणीचा नकाशा, हा काही हक्काचा कागद नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तसं मी तिला समजावून सांगितलंही. पण एखाद्या वस्तीच्या बाजूने पुरावा कुठून तरी सुरू व्हावा लागतो. सरकारी नकाशावर घर दिसलं की पुढे तहसीलदारांना, प्रांतांना नाही म्हणणं अवघड जातं.

कायद्यात वाटा आहेत, हे मी पाड्यांवर अगदी आवर्जून सांगत आले. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, वाढवू शकतात. आणि शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने आदिवासींसाठी वेगळ्या ठरवलेल्या भागात आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावंही आहेत, तिथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा लागू आहे. राज्याने 2014 साली त्याचे नियम केले. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद अशी की पाडा, वस्ती स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करायची मागणी करू शकते. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मग त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. पाण्याची टाकी कुठे बांधायची, वनहक्काचे कुणाचे दावे पुढे पाठवायचे, आलेला पेसा निधी कशावर खर्चायचा, याची चर्चा मग दूरच्या गावठाणातल्या देवळात होत नाही, पाड्याच्या अंगणात होते. बायका बोलतात. मी अशा एका सभेला बसले आहे. पाणी किती लांबून आणावं लागतं हे पाणी आणणाऱ्या बाईने स्वतः सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं.

इथेही कागद प्रांतांकडेच जातो. वनहक्क असो, पाड्याचा ठराव असो, जातीचा दाखला असो, शहापूरच्या आदिवासी माणसाच्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा कागद भिवंडीवरून फिरून येतो. म्हणून मी या एका कार्यालयाचा एवढा धोशा लावला आहे. जिल्ह्याचं पुन्हा विभाजन करा, नवा तालुका द्या, अशा मागण्या अधूनमधून होतात. त्यांना माझा विरोध नाही, पण त्या मोठ्या आहेत आणि वर्षानुवर्षं रेंगाळतात. प्रांतांची खुर्ची शहापूरला आणणं त्यामानाने लहान काम आहे. तेही लगेच होणार नसेल तर निदान आठवड्यातला एक ठरलेला दिवस प्रांतांनी शहापूरला आणि एक मुरबाडला सुनावणी घ्यावी. शहापूरला बाजारासाठी लोक तसेही येतात.

नोकरी करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक विनंती. मोजणीला गेलात की गटात दिसणारी प्रत्येक वस्ती नकाशावर घ्या, अर्जदार काहीही म्हणो. आणि पाड्यांवरच्या शिकलेल्या मुलामुलींनो, जनगणनेचा प्रगणक येईल तेव्हा त्याच्या नजरी (अंदाजाने काढलेल्या) नकाशावर तुमच्या पाड्याचं नाव स्वतः उभं राहून लिहून घ्या. मोबाईलवर पाड्याचे अक्षांश-रेखांश घ्या, घरांची यादी करा, विहीर कधी आटते ते महिन्यासकट लिहा आणि हे सगळं ठरावाला जोडा. पेसाच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर मला मेल करा, मी लिहून देईन. दर रविवारी मी किन्हवलीला असते, तिथे समोरासमोर बसूनही करता येईल.